मंगळवारचा भाव

सरासरीकाकांना भाजी आणायला कुणी पाठवत नसे. लग्नानंतर पहिल्यांदा पाठवलं तेव्हा काकडी सांगितली असताना ते कारली घेऊन आले होते, आणि वर "दिसायला साधारण सारखीच आहेत" असंही म्हणाले होते. त्या दिवशी काकूंनी त्यांच्या हातातली पिशवी जी काढून घेतली ती पुन्हा म्हणून दिली नाही. आणि अशा माणसाला त्याच्या ऑफिसने पाठवलं कुठे, तर भाजीबाजारात. तेही साऱ्या शहराचे भाजीचे भाव लिहून आणायला! आता काय बोलायचं, सांगा.

काका भाव कचेरीत होते. महागाई किती वाढली हे ठरवणारं ते ऑफिस. बाहेरून आकडे यायचे, काका त्यांची सरासरी काढायचे, आणि ती सरासरी वर मुख्य कार्यालयात जायची. हयातभर हेच केल्यामुळे माणूस बोलायलाही तसाच लागला होता. तब्येत विचारली तर "सरासरी पाहता बरी", जेवण कसं झालं विचारलं तर "सरासरी पाहता चांगलं". काकू म्हणायच्या, "ह्यांच्याशी संसार केला तो सरासरी पाहता सुखाचा झाला."

तर झालं असं, की बाजारात फिरून भाव आणणारा कारकून न्हाणीघरात घसरला आणि गुडघ्याचं प्लास्टर घेऊन घरी पडला. साहेबांनी खोलीभर नजर फिरवली. बाकीचे सगळे लोक हुशार, ते तेवढ्यात टेबलाच्या खणात डोकी खुपसून काहीतरी शोधायला लागले. एकटे काका सरळ समोर बघत बसले होते. सरळ माणसाचं हे असंच होतं.

त्याच आठवड्यात घरी फ्रिज वारला. दुरुस्तीवाल्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला, कान लावला, आणि पाहुण्यांसमोर वाईट बातमी सांगावी तशा हळू आवाजात म्हणाला, "नवीन घ्या."

काकूंनी हिशेब लगेच मांडला. पगारात आत्ता फ्रिज बसत नव्हता. पण तिमाही संपली की महागाई भत्ता वाढणार होता, तो वाढला की हप्त्याने फ्रिज. भत्ता वाढतो भाव वाढले तर. भाव लिहिणार कोण? तर घरचाच माणूस.

"म्हणजे फ्रिज आता तुमच्या हातात आहे," काकू म्हणाल्या.

"माझ्या हातात काही नाही. बाजारात जो भाव असेल तो मी लिहिणार. माझ्या हातून खोटा आकडा जाणार नाही."

"खोटा कोण म्हणतंय? खराच लिहा की. खरा भाव काय कमी आहे? मी रोज देते तो."

हे बोलणं लक्षात ठेवा. पुढे जे काही रामायण झालं ते या सरळ वाक्याकडे काकांनी लक्ष दिलं नाही म्हणून झालं.

भाव लिहिण्याची एक नियमपुस्तिका होती. काकांनी ती तीनदा वाचली. दुकान ठरलेलं, दर मंगळवारी तिथेच जायचं. घासाघीस करायची नाही. दुकानदार सांगेल तो भाव धरायचा नाही, गिऱ्हाईक समोर पैसे मोजून माल घेईल तोच भाव धरायचा. माल 'मध्यम प्रतीचा' पाहिजे. आणि भाव लिहिणाऱ्याने त्या दुकानातून स्वतः काही विकत घेऊ नये. मध्यम प्रतीचं वांगं म्हणजे कसं, यावर पुस्तिकेत अर्धं पान होतं. ते वाचून वांगं ओळखणं आणखी अवघड होत होतं.

ठरलेलं दुकान होतं भाजीवाल्या मावशींचं. काकांच्या कर्मचारी वसाहतीच्या फाटकाबाहेरच. मावशींचा आवाज असा की बाजाराच्या त्या टोकाला उभं राहिलं तरी टोमॅटोचा भाव कळावा. पहिल्या मंगळवारी काका साध्या वेषात, हातात फक्त एक कागद घेऊन उभे राहिले.

"काय देऊ?" मावशी.

"काही नको. टोमॅटोचा भाव सांगा."

"घ्यायचं नाही तर भाव कशाला?"

"नुसता ऐकायचा आहे."

"नुसता ऐकायला मी काय गाणं म्हणतेय? व्हा बाजूला, गिऱ्हाईक खोळंबलंय!"

काका बाजूला झाले. तर तिथे एक बाई बटाटे निवडत होत्या, त्यांनी काकांकडे न बघताच पिशवीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "जरा उघडी धर रे." काकांनी धरली. पदवीधर माणूस, सांख्यिकी विषय घेऊन पास झालेला, पण बटाटे संपेपर्यंत पिशवी उघडी धरून उभा होता. आणि शेवटी त्या बाईंनी एक नाणं पुढे केलं. ते नाणं फार झोंबलं हो.

घरी आल्यावर काका जेवले नाहीत. "माझी काही ओळखच नाही तिथे," ते म्हणाले.

"ओळख नाही तेच बरं," काकू म्हणाल्या. "गपचूप उभं राहा, कान उघडे ठेवा, या निघून."

पण दुखावलेला माणूस ऐकतो कुठे! पुढच्या मंगळवारी काका निघाले ते गळ्यात ओळखपत्र, हातात चिमट्याचा पुठ्ठा, खिशाला दोन पेनं, आणि इस्त्रीची पँट. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दुकानासमोर उभं राहून त्यांनी घसा साफ केला आणि भाव कचेरीचं कार्य, महागाईचं मोजमाप आणि त्यातलं भाजीचं स्थान यावर एक छोटं भाषण केलं.

मावशींनी ते सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे मी सांगेन तो भाव तुम्ही लिहिणार, आणि तो वर जाणार?"

"हो."

"वर म्हणजे कुठं?"

"मुख्य कार्यालयात."

"माझ्या नावासकट?"

"नावासकट नाही. दुकानाच्या क्रमांकासकट."

"एकच झालं," मावशी म्हणाल्या. त्यांनी पदराने कपाळ पुसलं. आता मावशी म्हणजे इभ्रतीला जपणारी बाई. मोठ्या कार्यालयात, मोठ्या साहेबांच्या टेबलावर आपलं दुकान 'महाग' म्हणून जायचं? मेले तरी नाही! त्यांनी मान ताठ केली आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "लिहा. टोमॅटो तीस!"

शेजारी उभ्या असलेल्या बाई किंचाळल्या, "तीस? आत्ता मला पंचावन्न म्हणालीस!"

"तेव्हा साहेब आले नव्हते," मावशी शांतपणे म्हणाल्या.

मग काय विचारता! त्या बाईंनी दोन किलो घेतले. मागच्यांनी तीन घेतले. कांदे, बटाटे, वांगी, कोबी, सगळं निम्म्या भावात. काकांच्या डोळ्यांसमोर पैसे मोजले जात होते, माल पिशवीत पडत होता. पुस्तिकेप्रमाणे प्रत्यक्ष विक्रीचा भाव. काकांनी समाधानाने लिहिलं : टोमॅटो, मध्यम प्रत, तीस.

वसाहतीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. पुढच्या मंगळवारी काका फाटकाबाहेर आले तर मावशींच्या दुकानापासून रांग लागलेली. रांगेत अग्रभागी वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर, हातात चार पिशव्या. त्यांच्यामागे वसाहतीचे सेक्रेटरी. "या काका, या! तुमचीच वाट बघत होतो." मावशी कुणाला भाव सांगत नव्हत्या. "साहेब येऊ देत," एवढंच म्हणायच्या. आणि काकांनी पेनाचं टोपण काढलं की भाव कोसळायचे.

काकांना आयुष्यात एवढा मान कधी मिळाला नव्हता. खोटं कशाला सांगू, पहिले दोन-तीन मंगळवार त्यांना तो आवडला. हेडमास्तर त्यांचा पुठ्ठा धरायचे. एका मंगळवारी काकांना सणसणून ताप होता. सकाळपासून दाराशी चारजण. कुणी गोळी आणली, कुणी काढा आणला, सेक्रेटरी स्वतःची गाडी काढून उभे. "तुम्ही उठू नका काका, नुसतं गाडीत बसा. खिडकीतून लिहिलंत तरी चालेल." आणि सल्ले तर काय, प्रत्येकाच्या तोंडात. "काका, बुधवारी पण येत जा की." "काका, जाता जाता फळांच्या गाडीसमोर पण एक मिनिट उभे राहा ना, काही लिहू नका, नुसतं पेन काढा." खालच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी तर घर बांधायला घेतलं होतं, त्यांनी काकांना गाठून विचारलं, "सिमेंटवाल्याकडे कधी जाता?"

आता या सगळ्या आनंदात एकच घर होतं जिथे मंगळवारची स्वस्त भाजी शिजत नव्हती. सांगायला नको कुणाचं.

पुस्तिकेत लिहिलं होतं, भाव लिहिणाऱ्याने खरेदी करू नये. काकांनी त्याचा अर्थ काढला, निदान मंगळवारी तरी भाव लिहिणाऱ्याच्या बायकोनेही करू नये. "लोक काय म्हणतील? नवऱ्याला पाठवून भाव पाडते."

"लोक काय म्हणतात ते बघा जरा खाली जाऊन," काकू म्हणाल्या. "लोक म्हणतात, तीन किलो द्या!"

बरं, मंगळवारी नाही तर नाही, पण वसाहतीतल्या प्रत्येक घरात फ्रिज होता. सगळ्यांनी मंगळवारी आठवड्याची भाजी भरून ठेवली, की बुधवारपासून मावशींच्या दुकानाकडे कुणी फिरकत नसे. फिरकायच्या एकट्या काकू, कारण घरात फ्रिज नाही, रोजची भाजी रोज आणायची. आणि मावशींनी मंगळवारी जे नुकसान सोसलं ते भरून काढायचं कुणाकडून? जी दारात उभी आहे तिच्याकडून. पंचावन्नचे साठ झाले. म्हणजे सगळी वसाहत स्वस्त टोमॅटो खात होती, आणि त्याची भरपाई काकांच्या घरातून चालली होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार! हे गणित काकूंना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. काकांना ते कळायला महिना लागला, आणि ते सांख्यिकी घेऊन पास झालेले.

कळलं तेव्हा मात्र ते हादरले. रात्री अंथरुणावर उठून बसले. "अगं, पण मग माझा तीस हा आकडा..."

"तीस कुणाला मिळतात? तुम्ही उभे असता तेवढा वेळ."

"पण प्रत्यक्ष विक्री होते ना!"

"होते की. तुम्ही निघून या, मग बघा काय होते ती."

दुसऱ्या दिवशी काकांनी ऑफिसला अर्ज केला, की हे दुकान भाव घेण्यास योग्य राहिलेले नाही, बदलून मिळावे. उत्तर आलं की ठरलेलं दुकान तीनच कारणांनी बदलता येतं : दुकान बंद झालं, दुसरीकडे हललं, किंवा दुकानदार दिवंगत झाला.

"झालं," काकू म्हणाल्या. "आता मावशी जायची वाट बघा. ती नव्वद वर्षं जगेल. आणि शेवटच्या मंगळवारी तीसनेच विकेल."

मग काकांनी मावशींनाच गाठलं. गयावया केली. "मावशी, मी आलो तरी रोजचाच भाव सांगा हो."

मावशी हसल्या. "साहेब, तुमच्यासमोर जास्त सांगू? मी काय वेडी आहे? आमच्याकडनं तक्रारीला जागा मिळायची नाही." आणि त्यांनी प्रेमाने त्यांच्या हातात एक कोबी ठेवला. काकांनी तो घाईघाईने परत केला, कारण पुस्तिकेत भेटवस्तूंविषयी एक वेगळं पान होतं.

ओळखपत्र काढून ठेवून बघितलं, टोपी घालून बघितली, एकदा तर शेजारच्या लसूणवाल्याच्या मागे लपून ऐकायचा प्रयत्न केला. मावशी तिथूनच ओरडल्या, "साहेब आले रे! टोमॅटो तीस!" पेन नसलं तरी आता काकांचा चेहराच पुरे होता.

आणि तिमाही संपली.

एरवी शहराचा आकडा तीन बाजारांवरून निघायचा. पण यंदा दोन बाजारांत गटाराची कामं निघालेली, तिथे भाजी बसतच नव्हती. सगळी भिस्त आपल्या या एका बाजारावर. निकाल लागला : भाजी स्वस्त झाली आहे. सबब महागाई भत्त्यात वाढ नाही. शून्य.

ज्या दारात ताप आल्यावर काढा आला होता त्याच दारात त्या संध्याकाळी सगळी वसाहत उभी राहिली. सेक्रेटरी सगळ्यांत पुढे. आत काकू एका शब्दाने बोलत नव्हत्या, नुसत्या बंद पडलेल्या फ्रिजचं दार उघडून त्यात डाळीचे डबे लावत होत्या. ते जास्त भयंकर होतं.

"तीस कसे लिहिलेत तुम्ही?" सेक्रेटरी गरजले.

"तुम्हीच घेतलेत ना तीसनं? माझ्यासमोर!"

"घेतले म्हणून लिहायचे?"

"मग काय लिहायचं?"

"अहो, माणसाने जरा तारतम्य ठेवावं! आमचं काय, आम्ही स्वस्त मिळालं तर घेणारच. तुम्ही ऑफिसातले जबाबदार माणूस, तुम्हाला कळायला नको?"

हेडमास्तर म्हणाले, "माझं निवृत्तिवेतनही त्याच आकड्याला बांधलेलं आहे. तुमच्यासारखा विद्यार्थी माझ्या वर्गात असता तर मी त्याला बाकावर उभा केला असता."

"चार पिशव्या कोण भरून न्यायचं, मास्तर?" काकांचा आवाज चिरकला. आत्तापर्यंत जपलेला सगळा संयम तिथे सुटला. "पुठ्ठा कोण धरायचं माझा? मी सांगत होतो का रांग लावा म्हणून? माझ्या घरात एक टोमॅटो आला नाही त्या भावाचा! एक! विचारा हिला!"

काकूंनी फ्रिजचं दार आपटून लावलं. विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. काका खोलीत गेले आणि कडी लावून बसले. बाहेर जिन्यात लोकांनी सभा भरवली. काका कडी लावून बसले होते म्हणून त्या सभेत काय ठरलं हे त्यांना कळलं नाही. दार उघडं ठेवलं असतं तर पुढचं टळलं असतं.

ठरलं असं, की पुढच्या मंगळवारपासून मावशींनी काकांसमोर भाव चढे सांगायचे आणि वसाहतीने ते आनंदाने द्यायचे. वरचे पैसे मावशींनी संध्याकाळी चुपचाप परत करायचे. मावशींना मनवायला सेक्रेटरी गेले. गडी महा वस्ताद. म्हणाले, "मावशी, वर काय बोलतात माहितीये? एवढं स्वस्त म्हणजे माल सडका असणार."

"माझा माल सडका?" मावशी उठून उभ्या राहिल्या. "कोण बोललं? येऊ दे मंगळवार! शंभराच्या खाली सांगितलं तर नाव बदलेन!"

इकडे मुख्य कार्यालयात एक मोठे साहेब त्या आकड्यांकडे बघून चक्रावले होते. सगळीकडे भाव चढतायत आणि या एका बाजारात महागाई उलटी चालते? त्यांनी कुणाला न कळवता, पायात चपला घालून, हातात कापडी पिशवी घेऊन यायचं ठरवलं. आणि ते त्याच मंगळवारी आले.

रांगेत त्यांच्या पुढे कोण असावं? हेडमास्तर. मास्तरांना आयुष्यभर समजावून सांगायची सवय. त्यांनी मागे वळून बघितलं. "नवीन दिसताय. ऐका. आत्ता एक गृहस्थ पुठ्ठा घेऊन येतील. ते आले की टोमॅटो शंभर. तोंड वाकडं करायचं नाही, हसत द्यायचे. वरचे चाळीस संध्याकाळी परत मिळतात. समजलं? परत सांगा बघू."

मोठ्या साहेबांनी परत सांगितलं. मास्तर म्हणाले, "शाबास."

काका आले. पेनाचं टोपण काढलं. मावशींनी छाती भरून घेतली आणि ललकारल्या, "टोमॅटो शंभर! अस्सल माल, सडकं एक नाही!"

काकांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पण सेक्रेटरी पुढे झाले, "फक्त शंभर? द्या की दोन किलो!" मागून कुणीतरी, "कोबी नव्वद? वा, वा, रास्त आहे." हेडमास्तरांनी तर वांग्यांना सांगितल्यापेक्षा जास्त देऊ केले. पैसे मोजले जात होते. माल पिशवीत पडत होता. सगळे जण काकांच्या पेनाकडे डोळे लावून उभे होते.

काका खुळे होते, पण इतके नाही. सगळं नाटक त्यांना लख्ख दिसलं. पण पुस्तिकाही दिसत होती. प्रत्यक्ष विक्रीचा भाव! तीस लिहिताना जो नियम खरा होता तो शंभर लिहिताना खोटा कसा? आणि त्याच क्षणी त्यांच्या डोळ्यांसमोर फ्रिज उभा राहिला. दोन दारांचा. वरचं दार उघडलं की बर्फ, खालचं उघडलं की हिरव्या भाज्यांचा मोठा खण, आणि शेजारी हसणाऱ्या काकू. लग्नानंतर काकांनी त्यांच्यासाठी आपणहून काय आणलं होतं? कारली. त्यांनी एक लिहिला. पुढची दोन शून्यं राहिली होती.

तेवढ्यात रांग फोडून काकू आल्या.

त्यांना सभेतलं काही ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी आत्ता पर्वा नव्हती. त्यांच्या हातात आदल्या संध्याकाळी घेतलेल्या टोमॅटोंची पिशवी होती, आणि त्यातून पाणी गळत होतं. ती त्यांनी मावशींच्या पुढ्यात दाणकन ठेवली.

"हे काय दिलंस काल? वर चार लाल, खाली सगळा लगदा! माझा पाहुणा येणारे जेवायला!"

मावशी चपापल्या, पण समोर पुठ्ठा होता, सडक्या मालाचा विषय होता, माघार कशी घेणार? त्या म्हणाल्या, "ताई, रात्रभर बाहेर ठेवले असतील. फ्रिजमध्ये ठेवायचे ना!"

फ्रिज!

सेक्रेटरींनी सुद्धा डोळे मिटून घेतले.

"फ्रिजमध्ये?" काकू इतक्या हळू बोलल्या की काका दोन पावलं मागे सरकले. आणि मग त्यांचा जो आवाज लागला त्यापुढे मावशींचा आवाज म्हणजे कुजबुज. "अगं, तुझ्यापायी फ्रिज नाही माझ्या घरात! मंगळवारी ह्यांच्यापुढे तीसचं नाटक करतेस, आणि बाकी सगळे दिवस माझ्याकडून साठ घेतेस! काल साठ घेतलेस, परवा साठ घेतलेस! आणि आज काय गं भाव?"

कुणीतरी हळूच म्हणालं, "शंभर."

"शंभर? हे? अगं, असला माल कुणी फुकटसुद्धा नेणार नाही!"

"ताई, इज्जतीत बोला! साठ घेतले तेव्हा मोजून चांगले दिले होते!" मावशींच्या तोंडून निघून गेलं. "साठ हा सगळ्यांचा भाव आहे! विचारा लसूणवाल्याला!"

"साठच आहे," लसूणवाला म्हणाला. "आमच्या बाजूलाही साठ."

"मग आमचे चाळीस परत कर आत्ताच!" मागून एक बाई ओरडल्या, आणि मग कुणाला धरबंध राहिला नाही. जो तो मावशींपुढे हात पसरून. सेक्रेटरी पिशवी परत देत होते, मावशी ती घेत नव्हत्या, एक कोबी घरंगळत गटाराकडे गेला आणि हेडमास्तर त्याच्या मागे धावले.

मोठे साहेब या गोंधळातून पुढे आले आणि काकांच्या शेजारी उभे राहिले. त्यांनी स्वतःचं ओळखपत्र काढून दाखवलं. काकांनी ते वाचलं, पुठ्ठा छातीशी धरला आणि डोळे मिटले.

"काय लिहिलंय बघू," साहेब म्हणाले.

"एक," काका म्हणाले.

"एकच?"

"पुढचं लिहिलं नाही, साहेब. हात चालेना."

साहेबांनी थोडा वेळ काकूंकडे बघितलं. त्या अजून बोलत होत्या. "त्या बाई कोण?"

काकांनी खाली मान घातली. "आमच्याच."

"तिकडे बघा. साठ म्हणतायत त्या. या बाजारात खरं भांडण तेवढंच चाललंय. तोच भाव धरा."

काकांनी एक खोडला आणि साठ लिहिले.

"रांगेत ऐकलं, सरासरीकाका म्हणतात ना तुम्हाला? तीस आणि शंभर, सरासरी किती?"

"पासष्ट," काका पटकन म्हणाले. अशा प्रसंगीही.

"जवळ होतात," साहेब म्हणाले. "उद्यापासून टेबलावर बसा. इथे कुणी दुसरा येईल, तो कोण हे कुणाला कळणार नाही. तुम्हालाही नाही."

काकांवर कारवाई झाली नाही. हेडमास्तर मात्र महिनाभर घराबाहेर पडले नाहीत. आपण कुणाला शाबास म्हणालो हे त्यांना कळलं होतं.

पुढच्या तिमाहीला महागाई भत्ता वाढला. थोडासाच. कारण मागचे तीसवाले मंगळवार सरासरीत चिकटले होते, आणि सरासरी काढली होती ती खुद्द काकांनी, अगदी चोख. त्या वाढीत जो बसला तो फ्रिज घरी आला. एका दाराचा, काकांच्या कमरेएवढा. तरी काकूंनी त्याच्या माथ्यावर फडकं फिरवलं, दार दोनदा उघडून बंद केलं, आणि म्हणाल्या, "थंड होतोय हो." इतक्या दिवसांनी त्यांचा चेहरा तसा दिसला, आणि काकांना भरून आलं. आज आपण भाजी आणायची, त्यांनी ठरवलं. आपण होऊन.

मावशी दुकानात होत्या. "या साहेब! किती दिवसांनी! आता लिहीत नाही म्हणे तुम्ही?"

"नाही. आता नुसता घ्यायला आलोय," काका आनंदाने म्हणाले. "टोमॅटो कसे?"

मावशींनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. पुठ्ठा नाही, पेन नाही, ओळखपत्र नाही. "ऐंशी," त्या म्हणाल्या. "कोबी सत्तर."

काकांना घासाघीस येत नव्हती. इतके महिने ती करायची नाही हाच नियम पाळलेला. त्यांनी गंभीरपणे मान हलवली, पैसे मोजले, दोन किलो टोमॅटो आणि त्यातल्या त्यात मोठा कोबी घेऊन घरी आले.

टोमॅटो फ्रिजमध्ये बसले. कोबी बसेना. आडवा घालून बघितला, उभा घालून बघितला, वरची जाळी काढून बघितली. दार काही लागेना.

"काय भावाने आणलेत?" काकूंनी विचारलं.

"टोमॅटो ऐंशी. कोबी सत्तर."

काकूंनी सकाळीच त्याच दुकानातून टोमॅटो पंचावन्नने आणले होते. त्यांनी कोबी फ्रिजमधून बाहेर काढला आणि काकांच्या हातात दिला.

"हाच भाव तेव्हा लिहिला असतात," त्या म्हणाल्या, "तर आज हा कोबी मावेल एवढा फ्रिज आला असता."